पायाला कळणारा शब्द

बाबा स्टुलावर उभे राहून हॉलमधली ट्यूब बदलत होते आणि आत्या खाली उभी राहून त्यांना इंग्रजीत हुकूम सोडत होती.

"होल्ड," आत्या म्हणाली.

बाबांनी ट्यूब घट्ट धरली.

"स्टे."

बाबा होते तसेच राहिले. हात वर, मान वर, तोंड किंचित उघडं.

"वेट."

"किती वेळ?" बाबांनी विचारलं.

आत्याने आनंदाने टाळी वाजवली. "बघितलंस?" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "होल्ड म्हटलं की हात आवळला. स्टे म्हटलं की पुतळा झाला. आणि वेट म्हटल्याबरोबर किती वेळ म्हणून विचारायला लागला. आपण मात्र तिन्हींना थांबच म्हणतो."

"ताई, मी उतरू का आता?"

"स्टे," आत्या म्हणाली. आणि माझे बाबा, जे घराबाहेर कोणाच्या बापाचं ऐकून घेत नाहीत, ते मुकाट्याने वरच उभे राहिले. मोठ्या बहिणीपुढे त्यांची डाळ कधीच शिजलेली नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता ते सांगते. आत्या गाडी चालवायला शिकवते. आम्ही परदेशातल्या या शहरात राहायला येण्याआधी, जुन्या गावी, तिने अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. डॉक्टर, शाळेतल्या बाई, नव्या सुना, त्या सुनांच्या सासवा. आणि तिचं सगळं शिकवणं 'थांब' या एका शब्दावर चालायचं. तुटक 'थांब' म्हणजे ब्रेक. लांबवलेला 'थांऽब' म्हणजे अजून निघू नकोस. आणि कुजबुजल्यासारखं 'थांब थांब थांब' म्हणजे हाफ क्लचवर आहेस, पाय तिथेच राहू दे. कोणाला हे कधी समजावून सांगावं लागलं नाही. आवाजावरून पायाला कळायचं.

इथे शिकायला येणारी माणसं जगाच्या पाठीवर कुठून कुठून आलेली. प्रत्येकाची भाषा वेगळी, आणि सगळ्यांना थोडं थोडं येतं ते इंग्रजी. आत्याचं इंग्रजी तेव्हा बाजारहाटापुरतं होतं. म्हणून इथे आल्यावर पहिली काही वर्षं तिने एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घातल्या. तिने कधी कुरकुर केली नाही, पण संध्याकाळी घरी आली की ती खिडकीत उभी राहून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघायची आणि कोण कुठे चुकतंय ते स्वतःशीच पुटपुटायची. मला ते बघवत नसे.

मग एका मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मालकाने तिला शिकवण्याच्या तात्पुरत्या परवान्यावर ठेवून घेतलं. परवाना पक्का व्हायचा तर परीक्षा द्यायची. खराखुरा शिकणारा माणूस स्टिअरिंगवर बसवायचा, परीक्षक मागच्या सीटवर बसणार, आणि पूर्ण धडा इंग्रजीत. दोनदा नापास झालं की परवाना रद्द. मालक माणूस बरा होता, पण त्याने आधीच सांगून टाकलं होतं की परवाना गेला तर तो काही करू शकणार नाही. म्हणजे पुन्हा चादरी.

पहिल्या वेळी आत्या नापास झाली. तिने तिच्या 'थांब'ला एकच इंग्रजी शब्द शोधून ठेवला होता, स्टॉप, कारण तो सगळ्यांना येतो. स्टिअरिंगवर बसलेली बिचारी मुलगी चौकात थांबून गाड्या जायची वाट बघत होती, तेव्हाही आत्या स्टॉप म्हणाली. मुलगी क्लच सोडत होती, तेव्हाही स्टॉप. शेवटी ती मुलगी चौकाच्या मधोमध जात असताना आत्याला म्हणायचं होतं 'जरा दमाने', आणि तोंडातून निघालं 'स्टॉप'. मुलीने करकचून ब्रेक मारला. मागून हॉर्नचा नुसता गजर झाला. परीक्षक बाईंनी सांगितलं, तुम्ही दर वेळी एकच शब्द वापरता, तुम्हाला काय हवंय ते शिकणाऱ्याला कसं कळणार?

मी असते तर रडले असते, नाहीतर भांडले असते. आत्या घरी आली, हातपाय धुतले, चहा प्यायली आणि म्हणाली, "बरोबर बोलली ती."

तिला शिकवायचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. मी एका दंतवैद्याकडे रिसेप्शनला बसते. दिवसभर इंग्रजीत लोकांची समजूत काढते, त्यामुळे या विषयात आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. मी आत्यापुढे शब्दकोश उघडला. स्टॉप म्हणजे थांबणे. वेट म्हणजे थांबणे, वाट पाहणे. स्टे म्हणजे थांबणे, राहणे. होल्ड म्हणजे धरणे, आणि कधी कधी थांबणे.

"म्हणजे सगळं थांबणेच," आत्या म्हणाली.

"हो, पण थोडा थोडा फरक आहे."

"तो थोडाच तर हवाय मला."

"अगं, तो असा सांगता येत नाही आत्या. सवयीने येतो." मी वैतागले होते. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, म्हणून तर आत्या मला 'घाई' म्हणते.

"घाई, तू मला अर्थ नको सांगूस," ती शांतपणे म्हणाली. "तो शब्द ऐकून पाय काय करतो, ते सांग. अर्थ कळेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते."

मी पुन्हा शब्दकोशाची पानं उलटायला लागले. मग तिने स्वतःच शोधायचं ठरवलं.

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये स्कूलची गाडी उभी असायची. या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो. आत्या मला स्टिअरिंगवर बसवायची, इंजिन बंद, डोळे मिटायला लावायची आणि एकेक शब्द टाकायची. स्वतः वाकून माझ्या पायांकडे बघत बसायची. मला तेव्हा गाडी येत नव्हती. म्हणजे शिकत होते, पण गाडी बंद पाडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. चढावर तर मी हमखास घाबरायचे. त्यामुळे माझे पाय तिच्या फार कामाचे होते.

'स्टॉप' म्हटलं की माझे दोन्ही पाय जागचे उडायचे. उजवा ब्रेकवर आदळायचा आणि डावा क्लचवरून सुटायचा. दर वेळी. "इंजिन चालू असतं तर गाडीने उडी मारली असती," आत्या म्हणायची. 'लेट गो' हा शब्द क्लचसाठी बरा वाटेल म्हणून तिने करून बघितला, तर मी स्टिअरिंगच सोडून दिलं. दोघी हसून हसून बेजार झालो, पण तो शब्द तिने त्याच क्षणी कायमचा बाद केला.

असाच आणखी एक शब्द तिने भर रस्त्यात बाद केला होता. एक बेकरीवाला तिच्याकडे शिकायला यायचा, अतिशय सभ्य माणूस. क्लच सोड म्हणून ती त्याला म्हणाली, "लीव्ह, लीव्ह." त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, तिचे आभार मानले आणि उतरून चालायला लागला. आत्याला त्याच्या मागे धावावं लागलं. घरी येऊन सांगताना ती म्हणाली, "शब्द चुकीचा होता, पण गाडी काय सुरेख बाजूला घेतली त्याने."

तिला कुठेही शब्द दिसायचे. सुट्टीच्या दिवशी ती बागेत बाकावर जाऊन बसायची आणि लहान मुलांच्या आयांचं बोलणं ऐकायची. आई 'स्टॉप' कधी म्हणते? पोर रस्त्याकडे धावत सुटलं की. 'वेट' कधी? पोराला घसरगुंडीवर जायचंय आणि पुढे दुसरं पोर आहे. वेटमध्ये पुढे काहीतरी मिळणार असतं, म्हणून तर पोरं लगेच विचारतात, अजून किती वेळ. पण तिचा सगळ्यात मोठा विश्वास बसला तो कुत्रेवाल्यांवर.

"कुत्र्याला शब्दकोश कुठे असतो?" ती म्हणाली. "मालक स्टे म्हणतो आणि चालत लांब जातो. कुत्रं हलत नाही. विचारतही नाही किती वेळ. हा शब्द चांगला आहे, घाई. यात भीती नाही."

मी शाळा-कॉलेजात इतकी वर्षं इंग्रजी शिकले, उत्तम मार्क मिळवले, पण एखाद्या शब्दात भीती आहे की नाही हे मी कधी बघितलं नव्हतं. मला आत्याचं कौतुक वाटायला लागलं ते तेव्हापासून. तोपर्यंत नुसती माया होती.

हळूहळू तिचे शब्द पक्के होत गेले. ट्यूबच्या दिवशी 'होल्ड' जागेवर बसला. हाफ क्लचसाठी तिला असा शब्द हवा होता की ऐकल्यावर पाय खालीही जाऊ नये आणि वरही येऊ नये, आहे तिथे घट्ट व्हावा. बाबांच्या हातांनी तिला तो दिला. स्टुलावरून उतरल्यावर बाबा मान चोळत म्हणाले, "पुढच्या वेळी प्रयोग करताना मला खुर्चीवर बसवून करा." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुढच्या वेळी ट्यूब मीच बदलते."

परीक्षेची तारीख आली आणि शिकणारा कोण, हा प्रश्न उभा राहिला. मला वाटलं होतं बेकरीवाला येईल.

"त्याला आता सगळं येतं," आत्या म्हणाली. "परवा परीक्षा पास झाला. त्याला बसवून मी काय शिकवताना दाखवू? तू ये."

"मी? अगं, मी तुझा परवाना घालवीन."

"तुला चढ येत नाही. मला चढ शिकवता येतो. ये."

मी आईला म्हणाले, बाबांना म्हणाले, मालकालाही फोन करून बघितला. कोणी माझी बाजू घेतली नाही.

त्या दिवशी परीक्षक म्हणून पुन्हा त्याच बाई आल्या, गेल्या वेळच्या. आखूड केसांच्या, शांत, बुटांना चकचकीत पॉलिश केलेल्या. त्या मागे बसल्या. आत्या माझ्याकडे वळली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "गुड मॉर्निंग. हाऊ आर यू टुडे?"

सुटे शब्द सोडले तर जन्मात आत्या माझ्याशी इंग्रजीत बोलली नव्हती. मला हसू फुटायला लागलं. मी गाल आतून चावून धरले आणि "फाइन, थँक यू" म्हणाले. आत्याच्या डोळ्यांत मात्र हसू नव्हतं. तिने पदर नीट खोचला, पट्टा लावला आणि पाय तिच्या ब्रेकवर अलगद धरला. तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे, आणि माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

सुरुवात बरी झाली. वळणं झाली, चौक झाला. 'स्लो' आणि 'वेट' तिने जिथल्या तिथे वापरले. वाचनालयाच्या मागे एक चढ आहे. वर जाऊन रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो, आणि तिथे बरोब्बर चढावरच थांबावं लागतं. मी थांबले. मागे फर्निचर वाहून नेणारी एक व्हॅन येऊन उभी राहिली, इतकी जवळ की आरशात तिचं तोंडच काय ते दिसत होतं.

मोठा रस्ता मोकळा झाला. "वी गो," आत्या म्हणाली. मी क्लच हळू वर घेतला, रेस दिली, गाडी थरथरली, मी हँडब्रेक खाली केला. आणि तेवढ्यात डाव्या बाजूने एक म्हातारे गृहस्थ रिकाम्या बाटल्यांनी भरलेली ट्रॉली ढकलत थेट गाडीसमोर उतरले. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही.

 दोन्ही पाय उडायच्या बेतात होते. ते उडले असते तर गाडीने पुढे उडी मारली असती, त्या गृहस्थांच्या अंगावर. आत्याकडे अर्धा क्षण होता. तिच्या जुन्या सवयीचा शब्द, जो तिच्या आणि माझ्या रक्तात होता, तो तिच्या ओठावर आला असणार. आणि दुसरा, स्टॉप, तोही आला असणार.

"होल्ड," ती म्हणाली. मोठ्याने नाही. ट्यूबच्या दिवशी म्हणाली होती तशीच.

माझा डावा पाय आवळला. जिथे होता तिथेच घट्ट झाला. गाडी पुढे गेली नाही, मागे घसरली नाही, तिथल्या तिथे थरथरत उभी राहिली.

"स्टे," आत्या म्हणाली, आणि माझा उजवा पायही होता तिथेच राहिला. "स्टे. गुड. हँडब्रेक." मी हँडब्रेक ओढला. "क्लच डाउन. नाऊ वेट."

गृहस्थांची एक बाटली ट्रॉलीतून पडली आणि उताराने घरंगळत आमच्या चाकाखाली गेली. ते वाकले. मागच्या व्हॅनने हॉर्न वाजवला. त्यांनी सावकाश बाटली उचलली, निरखून बघितली, पुसली.

"हाऊ लाँग?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अन्टिल ही इज हॅपी," आत्या म्हणाली.

मागच्या सीटवरून एक बारीकसा आवाज आला. मी आरशात बघितलं तर परीक्षक बाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

गृहस्थांनी बाटली ठेवली, हात उंचावून आमचे आभार मानले आणि पलीकडे गेले. मी पुन्हा क्लच घेतला. चढावर आयुष्यात पहिल्यांदा माझी गाडी बंद न पडता निघाली.

परवाना कचेरीच्या आवारात गाडी लावल्यावर परीक्षक बाई खाली उतरल्या आणि आत्याच्या खिडकीपाशी आल्या. मी आपलं स्टिअरिंग धरून समोर बघत बसले, कान मात्र त्यांच्याकडे.

"तुमच्या पायाखाली ब्रेक होता," त्यांनी विचारलं. "तो दाबला का नाहीत?"

 आत्या शब्द निवडत होती, एकेक करून, बागेतल्या बाकावरून आणलेले.

"माय फूट वॉज रेडी," ती म्हणाली. "बट इफ आय प्रेस, शी लर्न्स आय हॅव ब्रेक. इफ आय से, शी लर्न्स शी हॅज."

बाईंनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, झालं, संपलं, त्यांना पटलेलं दिसत नाही. माझ्या मनात त्या इस्पितळाच्या चादरींचा ढीग दिसायला लागला.

"गेल्या वेळी," बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्याला स्टॉप म्हणत होतात."

"येस," आत्या म्हणाली. "दॅट डे आय हॅड वन वर्ड."

"अँड टुडे?"

"टुडे, इनफ."

मग बाईंनी खिडकीतून हात आत घातला आणि आत्याचा हात हातात घेऊन हलवला. पास झालात म्हणाल्या. परवाना पोस्टाने येईल म्हणाल्या. आणखीही काही म्हणाल्या, पण मला ऐकू आलं नाही, कारण मी रडत होते. आत्या रडत नव्हती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, थँक यू म्हणाली, बाई दाराआड जाईपर्यंत ताठ बसून राहिली.

मग मराठीत म्हणाली, "घाई, पाणी दे."

मी बाटली दिली. तिचे हात इतके कापत होते की अर्धं पाणी पदरावर सांडलं. "सुटले बाई त्या चादरींतून," ती म्हणाली, आणि पदरानेच तोंड पुसलं. बराच वेळ पदर तोंडावरच होता.

"मी चालवू ना घरी?" मी विचारलं.

"मग कोण चालवणार? माझे हात बघ."

परत येताना ती नेहमीसारखी मला टोकत होती. आरसा बघ, वळण लवकर घेतेस, त्या सायकलवाल्याशी शर्यत लावली आहेस का. पण आता सगळं मराठीत, आणि मला ते गाण्यासारखं गोड लागत होतं. वाटेत आम्ही बेकरीवाल्याच्या दुकानापुढून गेलो. तो बाहेरच उभा होता. आत्याने काच खाली करून अंगठा वर केला, त्याने दोन्ही हात वर केले. मी त्याला बघायच्या नादात होते. आत्या म्हणाली, "समोर."

आमच्या घराची गल्ली शेवटची. तीही चढाचीच, पण बारीकशी. समोरून दूधवाल्याची गाडी येत होती म्हणून मी थांबले, आणि ती गेल्यावर क्लच वर घेताना सवयीने माझी नजर आत्याच्या पायांकडे गेली. तिचा पाय कायम तिच्या ब्रेकवर असायचा. ती गप्पा मारत असो की ओरडत असो, मी शिकायला लागल्यापासून एक दिवस तो तिथून हललेला मी बघितला नव्हता.

आता तिथे नुसत्या तिच्या चपला होत्या. आत्या सीटवर छान मांडी घालून बसली होती, घरी भाजी निवडायला बसते तशी, आणि खिडकीबाहेर बघत होती.

"आत्या," मी म्हणाले, "तुझे पाय?"

"तुझे आहेत की," ती म्हणाली.